अमरत्वाचं बिल कोणाच्या नावावर फाडायचं?

रातवा

फॅन्टसीतल्या खलनायकाला अमर व्हायचं असलं की लेखक आधी त्याचा चेहरा बिघडवायला घेतात. डोळे लाल, कातडी मेणासारखी, बोटं लांबलचक. झाली किंमत वसूल. वाचकालाही बरं वाटतं, पाप केलं ते थोबाडावर उमटलं म्हणून. मला हा प्रकार आता फारच स्वस्तातला वाटायला लागलाय. आरशात बघायचं सोडून दिलं की भागणार असेल, तर निम्मी दुनिया रांगेत उभी राहील.

सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेतो. (हॅरी पॉटर वाचायचं राहिलं असेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.)

व्होल्डेमॉर्ट आत्म्याचे तुकडे करून ते वस्तूंमध्ये लपवतो, त्या हॉर्क्रक्स. दर तुकड्यामागे एक खून. २००५ च्या सहाव्या भागात हे सगळं उलगडतं आणि तिथून पुढे नायक आणि आपण मिळून वस्तूंची मोजदाद करत बसतो. डायरी झाली, अंगठी झाली, लॉकेट सापडलं, पेला कुठे असेल? मेलेल्यांची यादी कोणी करत नाही. डायरीसाठी मेलेल्या मर्टलला निदान भूत होऊन रडता तरी येतं. २००७ मध्ये शेवटचा भाग आल्यावर वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देताना लेखिकेने सांगितलं, की लॉकेटसाठी एक भटक्या मारला गेला आणि मुकुटासाठी अल्बेनियातला एक शेतकरी. दोघांनाही नाव नाही. सातशे पानांत ज्या मुकुटासाठी एवढी धावपळ होते, त्याच्या खाली एक शेतकरी पुरलाय हे पुस्तक वाचून कळत सुद्धा नाही.

तर माझं म्हणणं असं. कवट्या, अमावास्या, उलटे मंत्र ही सगळी सजावट. जगायचंय एकाला आणि बिल फाटतंय दुसऱ्याच्या नावावर, की जादू काळी झाली. मग कथेचा कॅमेरा बिल भरणाऱ्याकडे का वळत नाही?

विचारायचं कारण, मी स्वतः एक लांबलचक कथा लिहितोय आणि अडकलोय. डोंगरांनी वेढलेली एक दरी, तिथे एक चेटकीण. दरीत मूल जन्मलं की त्याच्या आयुष्यातला एक दिवस ती काढून घेते. फक्त एक. रक्त नाही, किंचाळ्या नाहीत, कोणाला पत्ताही लागत नाही. हिशेब सोपा: तिला एक वर्ष जगायला ३६५ जन्म लागतात. त्यामुळे ती दलदली बुजवते, साथी आवरते, लढाया होऊ देत नाही, दूरदूरहून सुइणी आणून गावोगाव ठेवते. दरी सुखात आहे. कच्चा खर्डा ज्यांना वाचायला दिला ते सगळे तिच्याच बाजूने बोलतात! मला ती भयंकर वाटायला हवीये. कशी दाखवू?

तिरकस

ही चेटकीण नाही, महसूल खातं आहे. हलके घ्या.

जुनी पोथी

धागा आवडला. जीव अंगाबाहेर ठेवायची युक्ती फार जुनी आहे. सात समुद्रांपलीकडच्या पोपटात राक्षसाचा प्राण, हे आपण शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलो. रशियन लोककथांतल्या कोश्चेईचा मृत्यू सुईत, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत आणि पेटी ओकच्या झाडाखाली. सुमारे इ. स. पू. १२०० च्या एका इजिप्शियन पपायरसात दोन भावांची गोष्ट आहे. त्यातला धाकटा बाटा स्वतःचं काळीज झाडावरच्या फुलात ठेवतो. त्याने त्यासाठी कोणाचं काही वाईट केलेलं नाही, उलट अन्याय त्याच्यावरच झालाय. म्हणजे रातवा यांच्या कसोटीला हे उदाहरण बरोबर लागू पडतं: युक्ती तीच, पण काळी नाही.

पण मला सांगायची होती ती पंचकिनची गोष्ट. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रियर हिने १८६८ मध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' नावाने लोककथा छापल्या. सांगणारी होती तिची आया, ॲना लिबेराटा डिसूझा. त्यात पंचकिन नावाचा जादूगार लोकांचे दगड करतो आणि एका राजकन्येला कैदेत ठेवतो. याचा जीव कुठे? दूरच्या घनदाट रानात ताडांचं कडं, मधोमध एकावर एक सहा पाण्याचे घडे, सहाव्याच्या खाली पिंजरा आणि पिंजऱ्यात हिरवा पोपट.

राजकन्येचा मुलगा पोपट घेऊन येतो आणि जादूगारासमोर उभा राहतो. आता इथे बघा. तो लगेच मान मुरगळत नाही. आधी म्हणतो, ज्यांचे दगड केलेस त्यांना माणसं कर. जादूगार मुकाट्याने करतो, कारण जीव समोरच्याच्या मुठीत आहे. सगळी मंडळी उठून उभी राहतात आणि मग मुलगा पोपटाचा एक पंख उपटतो. जादूगाराचा हात गळून पडतो. दुसरा पंख, दुसरा हात. मग पाय. मग मान.

आधी वसुली, मग शिक्षा. लोककथा सांगणाऱ्यांना हिशेब पक्का कळत होता. छापील फॅन्टसीत शिक्षेवरच समाधान मानतात.

फासेवाला

जुनी पोथी, पोपटाचा सीन वाचून हादरलो राव. हे लहान मुलांना सांगायचे?

खेळांच्या बाजूने भर घालतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या फॅन्टसी खेळात लिच म्हणून प्रकार आहे, नियमांच्या १९७५ च्या पुरवणीपासून. मोठा जादूगार मरण टाळायला स्वतःचा आत्मा एका डबीत बंद करतो, शरीराचा सांगाडा झाला तरी डबी शाबूत असेपर्यंत परत उभा. बरीच वर्षं किंमत काय, तर अवघड विधी आणि गेलेलं रूप. थोडक्यात, चेहरा. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मात्र नियम घातला की डबीला अधूनमधून दुसऱ्यांचे आत्मे खाऊ घालायचे. नाही घातले तर लिच झिजतो आणि शेवटी नुसती तरंगती कवटी उरते.

एका नियमाने सगळं बदललं. आधीचा लिच म्हणजे तळघरात पुस्तकं वाचत बसलेला एकलकोंडा म्हातारा, त्याला मारायला जाणारे आपणच चोर वाटायचो. आता त्याला भूक आहे, म्हणजे आसपासच्या गावातून माणसं नाहीशी होणार, म्हणजे गोष्ट सुरू झाली. तुमच्या चेटकिणीलाही भूक आहेच की. फक्त तिचा घास फार छोटा आहे, म्हणून दिसत नाही.

घुबड

मी धागाकर्त्याशी असहमत. अमर होणाऱ्यालाच बसणारी किंमत स्वस्त नसते, लेखक स्वस्त असतात.

टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली अंगठी घ्या. मर्त्य माणसाने ती जवळ ठेवली तर तो मरत नाही. पण त्याचं आयुष्य वाढतही नाही, असलेलंच ताणलं जातं. नऊ माणसांना नऊ अंगठ्या मिळाल्या, त्यांचं काय झालं? कोणी त्यांना मारलं नाही, विद्रूपही केलं नाही. ते हळूहळू दिसेनासे झाले. शेवटी उरला तो झगा आणि मालकाचा हुकूम. मरण टाळायच्या नादात स्वतःची इच्छा गहाण पडली. यात 'दुसऱ्याने भरलेलं बिल' नसतं तरी ती किंमत पुरेशी भयानक असती.

आणि त्याच जगातलं न्यूमेनॉर नावाचं बेट. माणसांना एल्फांपेक्षा लांब नाही पण इतर माणसांपेक्षा कितीतरी लांब आयुष्य मिळालेलं. जसजसे ते मरणाला घाबरत गेले तसतसे मुलांपेक्षा थडग्यांवर जास्त जीव लावायला लागले. शेवटी राजा आरमार घेऊन थेट अमरांच्या भूमीवर चालून गेला आणि अख्खं बेट समुद्रात गेलं. टोल्किन मृत्यूला माणसाला मिळालेली देणगी म्हणतो. पटो न पटो, सगळी रचना त्या एका विचारावर उभी आहे.

रातवा

घुबड, मुद्दा मान्य, पण तुमचं दुसरं उदाहरण माझ्याच बाजूला येतंय. राजा म्हातारा होऊन घाबरला आणि बुडालं अख्खं बेट. त्यात ज्या बायकापोरांनी कधी अमरत्वाचा विचारही केला नसेल, ती कोणाच्या खात्यात?

तिरकस

आता मी खरंच बोलतो. या सगळ्या कथांचा मला एक राग आहे. फॅन्टसी नेहमी मरणाची वकिली करते. जगायचं म्हणणारा खलनायक आणि शांतपणे मरणारा शहाणा. अहो, जगावंसं कोणाला वाटत नाही? आपल्याला मिळत नाही म्हणून द्राक्षं आंबट, यापलीकडे या तत्त्वज्ञानात काय आहे?

पॉटरमध्येच बघा. निकोलस फ्लामेल ६६५ वर्षांचा आहे, बायको ६५८ ची. परीस वापरून निवांत जगतायत, ऑपेरा ऐकतायत, खून नाही की रक्त नाही. त्या परिसाला काही किंमतच नाही! कोणाचंही काही बिघडत नसताना शेवटी परीस नष्ट करून दोघांनी मरायला तयार व्हायचं, आणि अकरा वर्षांच्या मुलाला समजावून सांगायचं की बाळा हेच बरं. का बरं?

(अवांतर: फ्लामेल खराखुरा होता. पॅरिसमधला लेखनिक, १४१८ मध्ये वारला. परीस वगैरे त्याच्या नावावर नंतर चिकटवलं.)

निळी शाई

तिरकस, फ्लामेलने परीस सोडला तो त्याच्यामागे खुनी लागला म्हणून. बिल दुसऱ्याच्या नावावर फाटायची वेळ आली तेव्हा तो उठला. मला तर त्यात मरणाची वकिली दिसत नाही, साधा सभ्यपणा दिसतो.

आता मूळ प्रश्नाकडे. बिल भरणारा समोर उभा असलेली आपल्याकडची कथा म्हणजे ययाती. शुक्राचार्यांच्या शापाने म्हातारपण आलं, आणि उःशाप असा की कोणी अदलाबदल करायला तयार असेल तर तारुण्य परत. बाप पाचही मुलांना एकेक करून विचारतो. यदू, तुर्वसू, द्रुह्यू, अनू नाही म्हणतात आणि शाप खातात. धाकटा पुरू हो म्हणतो. इथे चोरून काही घेतलेलं नाही, तोंडावर मागून घेतलंय. तरी वाचताना अंगावर काटा येतोच, कारण नाही म्हणणाऱ्यांचं काय झालं ते पुरूने पाहिलंय. याला संमती म्हणायची?

खांडेकरांची 'ययाति' (१९५९) बहुतेकांनी वाचली असेल. त्यात ययाती बोलतो, देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते. पुरूला निवेदन नाही! ज्याने भरलं त्याचाच आवाज नाही. १९६१ मध्ये आलेल्या गिरीश कर्नाडांच्या नाटकात मात्र पुरूची नवी नवरी आहे, चित्रलेखा. आत जाते आणि नवऱ्याच्या जागी म्हातारा. सगळे पुरूच्या त्यागाचे गोडवे गातायत आणि हिला कोणी विचारलेलंच नाही. ती सासऱ्याला समोर उभं करून जाब विचारते आणि विष घेते. रातवा, तुम्हाला हवा असलेला कॅमेरा हाच. ज्याने हो म्हटलं त्याच्याही पलीकडे एकजण असतं.

फासेवाला

निळी शाई यांना +१. ॲनिमेवाले कोणी आहे का? 'फुलमेटल अल्केमिस्ट'मधला होहेनहाइम आठवला. अराकावाची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००१ ते २०१०. त्यात परीस माणसांच्या आत्म्यांपासून बनतो. एका रात्रीत अख्खं राज्य मरतं आणि त्यातले निम्मे, पाच लाखांच्या वर, या माणसाच्या अंगात येऊन बसतात. त्याने मागितलेलं नसतं, त्याला फसवलेलं असतं. तो अमर होतो आणि मग काय करतो माहितीये? आतल्या एकेका आत्म्याशी बोलतो. नाव काय तुझं, काय करत होतास. त्यात शेकडो वर्षं जातात.

बिल दुसऱ्यांनी भरलंय हे माहीत असताना जगायचं कसं, याचं एवढं सरळ उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही. त्याच्या जोडीचा खलनायक तेच आत्मे नुसते इंधन म्हणून जाळतो. ताकद सारखीच.

घुबड

आता तुमच्याच बाजूचं उदाहरण देतो, न्याय म्हणून. उर्सुला ल ग्विनचं 'द फार्देस्ट शोअर', १९७२. एक मांत्रिक मरणाच्या दाराला भोक पाडतो, कायमचं जगता यावं म्हणून. त्या भोकातून जगातला अर्थच गळायला लागतो. मांत्रिक मंत्र विसरतात, गायक गाणी विसरतात. रेशमाचं एक बेट आहे, लॉरबनेरी. तिथल्या रंगाऱ्यांचे रंग बसेनासे होतात आणि लोक म्हणतात, असले रंग कधी नव्हतेच, त्या सगळ्या थापा. तिथली एक रंगारीण स्वतःचं नावसुद्धा हरवून बसलीये.

लढाई, सैन्य, आग काही नाही. एका माणसाने मरायला नकार दिला आणि शेकडो कोसांवर कोणाचा तरी लाल रंग बसेना. भोक बुजवताना नायकाची सगळी जादू कायमची खर्च होते. त्यालाही बिल भरावंच लागतं, फक्त तो स्वतःहून भरतो.

जुनी पोथी

रंगारणीचं उदाहरण सुरेख.

अश्वत्थामा अजून कोणी कसा काढला नाही? सौप्तिक पर्वात झोपलेल्यांना मारतो, मग उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडतो. त्याला मिळालेली शिक्षा म्हणजे मरण नव्हे, तर तीन हजार वर्षं अंगाला रक्त-पुवाची दुर्गंधी घेऊन एकट्याने भटकायचं. कोणाशी बोलता येणार नाही. आणि हाच सात चिरंजीवांच्या यादीत पहिला! त्याच यादीत हनुमान, बळी, विभीषण. एकाला वर म्हणून मिळालं ते दुसऱ्याला शाप म्हणून, वस्तू एकच.

दुसरे आपले चांगदेव. काळी जादू नाही, योगबळ. काळाला चकवत चौदाशे वर्षं काढली अशी आख्यायिका. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले तर मायना काय लिहावा कळेना, वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार. शेवटी कोराच कागद पाठवला. मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. उत्तरादाखल पासष्ट ओव्या गेल्या.

तिरकस

म्हणजे किंमत अशी की एवढं जगून एक मायना लिहिता येईना. हे मला पटलं. यात मरणाची वकिली नाही, नुसती खेचलीये.

पण मग रातवा, तुमच्या चेटकिणीचं अजून काही बिघडलेलं नाही. तिला सैन्य नको, रक्त नको, चेहरा छान, दरी हिरवीगार. एक दिवस गेला तर काय मोठं? मी तर गेल्या रविवारी अख्खा दिवस झोपून घालवला, कोणत्याही चेटकिणीशिवाय.

रातवा

तीच तर पंचाईत आहे. मी आधी असं लिहिलं होतं की तो दिवस शेवटून कापला जातो. एक म्हातारी मरते आणि दुसऱ्या दिवशी तिचा परगावी गेलेला मुलगा दारात. पण ते रडकं वाटलं, आणि योगायोगही. शिवाय त्या मुलाला कसं कळणार की आई एक दिवस आधी गेली?

निळी शाई

एक विचारू? तुमच्या नियमात एक भोक आहे, ते तुम्ही पाहिलंय का मला माहीत नाही. ज्या बाळाच्या नशिबी एकच दिवस आहे, त्याचं काय होतं?

फासेवाला

बाप रे.

घुबड

ते मेलेलंच जन्माला येणार. एकच दिवस, तो तिने घेतला.

निळी शाई

हो ना. बाकी सगळ्यांचं हजारोंतलं एक जातं, याचं सगळंच्या सगळं जातं. आणि दरीत कोणाला काही वावगं वाटत नाही, कारण तिथे हे पूर्वापार असंच आहे. पहिल्या दिवशी कोणतंच बाळ दगावत नाही, एक तर जगतं नाहीतर रडतच नाही. बाहेरून आलेल्या एखाद्या सुइणीला मात्र हे खटकेल. तिच्या मुलखात अशी बाळं तिने पाहिली आहेत. संध्याकाळपर्यंत तग धरणारी. आईचं बोट धरलेली, एकदा दूध प्यायलेली, नाव ठेवून मग गेलेली. इथे वर्षानुवर्षं काम करूनही तिला तसं एकही दिसत नाही.

तिरकस

आणि त्या सुइणी चेटकिणीनेच बोलावून घेतल्यात, जास्त मुलं जगावीत म्हणून. स्वतःच्या हाताने साक्षीदार आणून बसवलाय. माझे शब्द मागे, महसूल खातं एवढं गाफील नसतं.

जुनी पोथी

सुइणीकडे पंचकिनच्या पोपटासारखं काहीतरी हवं. नुसतं कळून काय होणार? चेटकीण म्हणेल, मी गेले तर साथी येतील, लढाया होतील, शेकडो मुलं मरतील. तू चार-दोन बाळांच्या एकेका दिवसासाठी दरी बुडवणार का? आणि ती खोटं बोलत नसेल. हा प्रसंग टाळू नका, तिथे कथा तरेल किंवा पडेल.

रातवा

हे सुचायला हवं होतं तिथे मी म्हातारीला मारत बसलो होतो! निळी शाई, भोक वापरतोय, तुमची हरकत नसेल तर. सुईण आतापर्यंत दोन ओळींची होती, आता पहिल्या प्रकरणापासून तीच. पोथी, तो वाद होणारच, पण सुइणीने उपदेश करायचा नाही असं ठरवलंय. ती फक्त मागणी करेल. मारायला वगैरे आलेली नाही ती. तिला तेवढे दिवस परत हवेत, ज्यांचा एकच होता त्यांचे.

फासेवाला

किती होतील ते? आणि चेटकिणीला परत देता येतात का? पंचकिनला दगडांची माणसं करता आली, कारण दगड तिथेच उभे होते. हिने तर दिवस वापरून टाकले.

रातवा

जुने नाही देता येणार. पुढचे सोडता येतील. पण कोणाचा एकच आहे हे घेण्याआधी कळायला तिला प्रत्येक बाळाजवळ दिवसभर थांबावं लागेल. म्हणजे घेतलेला दिवस तिथेच खर्च. नफा शून्य.

घुबड

मग तो करार तिने स्वीकारला तर ती अमर राहील आणि तिच्याकडे स्वतःचा असा एकही दिवस नसेल. हे मला अंगठीपेक्षा भारी वाटतंय.

तिरकस

स्वीकारते का नाही ते इथे सांगू नका. लिहा आणि प्रकरणं टाका. फक्त 'क्रमशः' लिहून गायब व्हायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. पुढील लेखनास शुभेच्छा.